गोडाऊनच्या दारावरची बातमी

या विद्यापीठात नव्याने लागलेल्या प्राध्यापकाला जुने लोक पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवत, "तुमचं संशोधन आकाशाला टेकलेलं असू द्या, आत्याने पास केल्याशिवाय ते फाटकाबाहेर जायचं नाही." नव्या माणसाला वाटे, आत्या हे एखाद्या समितीचं नाव असेल. मग कोणीतरी खुलासा करी, की आत्या म्हणजे आत्याच. बातमीबाईची सख्खी आत्या. शिवणकाम करते.

बातमीबाई म्हणजे प्रसिद्धी विभागाची प्रमुख. पगारपत्रकात तसं लिहिलेलं होतं म्हणून प्रमुख म्हणायचं, एरवी विभागात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. विद्यापीठ एका बंद पडलेल्या छापखान्याच्या इमारतीत सुरू झालं तेव्हा ती तिथे टंकलेखक म्हणून लागली. छापखानेवाला जाताना एक लहानसं यंत्र मागे टाकून गेला होता. ते वाया जाऊ नये म्हणून दर पंधरा दिवसांनी वार्तापत्र काढायचं ठरलं, आणि जिला टंकता येतं तिला लिहिताही येत असेल, अशा हिशेबाने ते काम तिच्या गळ्यात पडलं. कोणी काय शोधलं, कोणाचा निबंध कुठे छापून आला, ते लोकांना कळवायचं. विद्यापीठ लहान होतं, नाव व्हायचं होतं.

पहिल्याच अंकात नाक कापलं गेलं. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी लिहून दिलेलं वाक्य तिने जसंच्या तसं छापलं. आठ ओळींचं एकच वाक्य, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. शहरातल्या वर्तमानपत्रातून फोन आला, की बाई, याचा अर्थ काय. तिने फोन त्या प्राध्यापकांच्याच हातात दिला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे प्रसिद्धी विभागाने लिहिलंय. त्यांनाच विचारा."

संध्याकाळी ती घरी येऊन धुमसत बसली. आत्याने तिला लहानपणापासून वाढवलं होतं. भाचीचं लग्न जमलं नाही आणि मोडलंही नाही, घरात तो विषय निघाला नाही इतकंच. त्या दिवशी आत्या खिडकीपाशी बसून गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर टाचत होती.

"वाच बघू काय लिहिलंस ते," ती म्हणाली.

बातमीबाईने वाचलं. आत्याची सुई एका लयीत चालत होती. वाचून संपलं तरी चालतच राहिली.

"काय कळलं?"

"तुझा आवाज बरा आहे."

तिथून नियम पडला. बातमी कोणाचीही असो, छापायच्या आधीच्या रविवारी सकाळी आत्यासमोर वाचायची. वाचताना सुई थांबली आणि आत्याने मान वर करून काही विचारलं, तर बातमी पास. सुई थांबलीच नाही तर नापास. परत प्राध्यापकांकडे जायचं, परत समजून घ्यायचं, परत लिहायचं. आत्या काही फार शहाणी होती अशातला भाग नाही. खगोलशास्त्राची माणसं रात्री जागतात म्हणजे त्यांच्या घरी काहीतरी बिनसलेलं असणार, असं तिचं ठाम मत होतं. एकदा तिची दाढ दुखत होती, तेव्हा एका चांगल्या विद्वानाची बातमी लागोपाठ दोन रविवार नापास झाली. पण वार्तापत्र लोक वाचू लागले. न्हाव्याच्या दुकानात ते ठेवलेलं दिसू लागलं. विद्यापीठात काय चालतं हे रिक्षावाल्याला माहीत असणं ही या गावाला नवी गोष्ट होती.

कुरकुर करणारे होतेच. इतिहासाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक एकदा म्हणाले, "शिवणाऱ्या बाईला कळेल ते संशोधन कसलं?"

"तुम्ही सांगून तर बघा, सर," बातमीबाई म्हणाली. "बिचारी पैसे घेत नाही."

सांगायला स्वतः घरी येणारेही काही होते. त्यांतला पहिला होता पदार्थविज्ञानाचा एक तरुण व्याख्याता. भल्या सकाळी तो सायकलच्या कॅरियरला भाजक्या मातीचं एक मोठं भांडं बांधून दारात आला. मातीत भुसा मिसळून भांडं भाजायचं, भुसा जळून बारीक छिद्रं राहतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि घाण मागे राहते. खाली नळ बसवलेली बादली. वीज नको, औषध नको. त्याने आत्याच्या स्वयंपाकघरात भांडं मांडलं, गढूळ पाणी वर ओतलं आणि स्वच्छ पाणी खाली आलं. सुई थांबली.

"किती दिवस चालेल हे?" आत्याने विचारलं.

"ते पुढे बघू, आत्या."

"पुढे म्हणजे?"

"आधी चालतं हे तर लोकांना कळू दे."

ती बातमी पहिल्या पानावर गेली, तिथून मोठ्या वर्तमानपत्रात गेली, आणि मग मातीचा फिल्टर घरोघरी गेला. फिल्टरबरोबर विद्यापीठही वाढलं. छापखान्याची इमारत मागे पडली, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, फाटकावर फिल्टरचं चित्र आलं, पत्राच्या कागदावर आलं, चहाच्या कपांवर आलं. तो तरुण व्याख्याता प्राध्यापक झाला, विभागप्रमुख झाला, आणि केस पांढरे होता होता कुलगुरू झाला. बातमीबाईचे केसही तोवर त्याच रंगाला आले होते. तिचं यंत्र मात्र तेच होतं आणि नियमही तोच.

या कुलगुरूंच्या काळात पर्यावरण विभागात एक मुलगी तात्पुरत्या जागेवर व्याख्याती म्हणून लागली. दोन्ही खांद्यांना बाटल्यांच्या पिशव्या लटकवून ती गावभर फिरायची, म्हणून तिला सगळे पाणीवाली म्हणत. वापरातल्या फिल्टरचं पाणी घरोघरी जाऊन बाटलीत भरायचं, प्रयोगशाळेत तपासायचं, पुन्हा काही आठवड्यांनी त्याच घरी जायचं. काही वर्षं हा उद्योग चालला. मग एक दिवस ती प्रसिद्धी विभागात आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"मॅडम, माझा निबंध छापून आलाय." तिने परदेशातल्या एका नियतकालिकाचं नाव सांगितलं. विद्यापीठाने मान्यवर नियतकालिकांची जी यादी केली होती तिच्यात हे नाव सगळ्यात वर होतं.

"अगं मग तोंड पाडून काय बसलीस? यादीतलं पहिलं म्हणजे पहिलं पान, फोटोसकट. विद्यापीठाचाच नियम आहे. काय शोधलंस?"

"फिल्टर साधारण पाच महिन्यांनी काम करेनासा होतो. लोक आतून ब्रशने घासतात, घासून घासून काठाशी बारीक चिरा पडतात. पाणी दिसतं स्वच्छ, पण नळाच्या पाण्यात आणि त्यात काही फरक राहत नाही."

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

"सगळे फिल्टर?" बातमीबाईने विचारलं.

"सगळे नाही. निम्म्याहून जास्त."

"नक्की?"

"तीनदा तपासलंय, मॅडम. चौथ्यांदा घाबरत घाबरत तपासलं, तरी तेच."

रविवारी बातमीबाईने आत्याला बातमी वाचून दाखवली. आत्या एका परकराला नाडी ओवत होती. दुसऱ्याच वाक्याला तिचा हात थांबला. शेवटपर्यंत थांबलेला राहिला.

"म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं म्हणायचं," ती म्हणाली. "बराच उशीर केला. पण आलं."

नियमाप्रमाणे अंकाचा कच्चा कागद कुलसचिवांकडे गेला. कुलसचिव म्हणजे विद्यापीठाचा कारभार हाकणारा गृहस्थ. सही करायच्या आधी कागद उलटा धरला तरी त्यांच्या लक्षात येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. या वेळी मात्र त्यांनी तो सुलटा धरून वाचला. अर्ध्या तासात बातमीबाईला कुलगुरूंच्या खोलीत बोलावणं आलं.

कुलगुरू बोलले ते शांतपणे बोलले. "बाई, दोनेक आठवड्यांत बाहेरची समिती येतेय. ती आपल्याला श्रेणी देणार. श्रेणी चांगली मिळाली तर सरकारी मदत वाढेल आणि मग तात्पुरत्या जागेवरची कितीतरी पोरं कायम होतील. तुमची पाणीवालीही त्यांतच आहे. ही बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही. आत्ता नको, एवढंच म्हणतो."

"मग कधी, सर?"

"समिती जाऊ दे."

"समिती गेल्यावर नवा अभ्यासक्रम येईल, तो झाला की नव्या वसतिगृहाचं उद्घाटन. या विद्यापीठात फिल्टरला वाईट म्हणायला सोयीचा दिवस उगवेल असं मला वाटत नाही."

कुलसचिव मध्ये पडले. "बाई, प्रसिद्धी विभाग प्रसिद्धी करण्यासाठी असतो. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासाठी नाही."

"समितीला द्यायच्या तक्त्यात हा निबंध धरलाय ना तुम्ही?"

कुलसचिवांनी कुलगुरूंकडे पाहिलं.

"धरलाय. मीच टंकून दिलाय तो तक्ता. या निबंधाला सगळ्यात जास्त गुण आहेत. म्हणजे गुण हवेत, गोष्ट नको. मोजायला चालतो, सांगायला चालत नाही. हे कसलं शास्त्र, सर?"

"भाषा जपून वापरा," कुलसचिव म्हणाले.

"मग बातमी काढून टाका असं लेखी द्या. कारणासकट."

आदेश लिहायला पेन लागतं आणि कारण लिहायला धीर. कुलसचिवांनी खिशातलं पेन काढलं, बघितलं आणि परत ठेवलं.

"परीक्षा विभागाच्या गोडाऊनला प्रमुख नाही," ते वेगळ्याच आवाजात म्हणाले. "जुन्या उत्तरपत्रिका सांभाळायच्या. शांत जागा आहे. वयाला मानवेल."

ही धमकी आहे हे कळायला आत्याची गरज नव्हती. बातमीबाई उठली. "सर," ती कुलगुरूंना म्हणाली, "नियम तुम्हाला ठाऊक आहे. बातमी का नको ते रविवारी आत्याला सांगा. तिची सुई थांबली तर मी माझ्या हाताने बातमी काढून टाकीन."

कुलसचिवांना हसू आलं. कुलगुरूंना आलं नाही. "येतो," ते म्हणाले.

जिना उतरताना तिच्या मनात आलं, की आपण तर चाललो शूर होऊन, पण भाकरी त्या पोरीचीही आहे. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं तिला पटणारं नव्हतं. ती सरळ प्रयोगशाळेत गेली. पाणीवाली बाटल्या विसळत होती.

"अगं, तुझी मुदत कधी संपते?"

"या सत्राच्या शेवटी. का?"

बातमीबाईने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. पोरीच्या हातातली बाटली नळाखाली भरून वाहू लागली.

"नकोच मग, मॅडम. राहू दे."

"बरं."

"तुम्ही रागावलात?"

"मी कशाला रागावू? तुझं काम, तुझं पोट. तू म्हणशील तसं. फक्त एक सांग. उद्या मला कोणी विचारलं, तर निबंधात आहे ते खरं म्हणून सांगू ना?"

"खरंच आहे ते."

"मग झालं."

बातमीबाई दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला. "मॅडम, ज्या घरांत मी जाते ना, तिथे एक आजोबा आहेत. प्रत्येक वेळी विचारतात, बाळ, पाणी कसं निघालं? मी सांगते, तपासतेय, आजोबा. किती वर्षं नुसतं तपासतेय म्हणू?" तिने नळ बंद केला. "छापा."

रविवारी कुलगुरू आले. सायकलवरून नाही, गाडीतून, पण ड्रायव्हरला त्यांनी कोपऱ्यावरच थांबवलं होतं. आत्याने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीपाशी एका शर्टाची बटणं लावायला बसली.

"केस पिकले की तुमचे," ती म्हणाली. मोठ्या पदाच्या माणसाला तू म्हणू नये एवढं तिला कळत होतं. "चहा घेणार?"

"घेईन की."

चहा घेताना त्यांची नजर खिडकीखाली गेली. तिथे त्यांचा फिल्टर होता. त्यात एक मोठं, तुकतुकीत पानांचं झाड लावलेलं होतं.

"आत्या, हे काय?"

"नळ गळायचा हो त्याचा. ओटा सगळा ओला. शेवटी म्हटलं, कुंडी तरी होईल. झाड बघा कसं आलंय. भांडं चांगलंच आहे तुमचं."

कुलगुरू हसले, आणि मग बोलू लागले. ते बोलणारे गृहस्थ होते; त्यांच्या वर्गाला दुसऱ्या विभागाची मुलं येऊन बसत असत. विद्यापीठ कशातून उभं राहिलं, किती घरं त्यावर चालतात, एका बातमीने लोकांचा विश्वास कसा उडतो, विश्वास उडाला की पोरं प्रवेश कसे घेत नाहीत. खोटं त्यात काही नव्हतं. बातमीबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती आणि तिचं तिलाच वाटू लागलं, की माणूस बरोबर सांगतोय.

आत्याची सुई चालत होती. एक बटण झालं, तिने दोरा तोडला, दुसरं घेतलं. कुलगुरूंनी मदतीचा मुद्दा सांगितला, सुई चालत राहिली. कायम होणाऱ्या पोरांचा मुद्दा सांगितला, तेव्हा ती किंचित मंदावली, पण थांबली नाही. बोलता बोलता त्यांचं लक्ष त्या सुईकडे गेलं आणि तिथेच राहिलं. मग ते बोलायचे थांबले.

"झालं?" आत्याने विचारलं.

"झालं."

"मग पाणी प्यायचं की नाही लोकांनी? ते नाही आलं तुमच्या बोलण्यात."

कुलगुरूंनी कप खाली ठेवला. "तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, किती दिवस चालेल."

"तू म्हणाला होतास, पुढे बघू." रागात आत्या अहो-जाहो विसरायची. "आता त्या पोरीने बघितलं, तर तुला वाईट का वाटतं? तूच सांगितलेलं काम केलं तिने."

निघताना घराच्या फाटकापाशी कुलगुरू बातमीबाईला म्हणाले, "शेवटच्या पानावर घ्या. लहान करून."

"यादीतलं पहिलं नियतकालिक म्हणजे पहिलं पान. नियमावर सही तुमची आहे, सर."

"मग मला जे करावं लागेल ते मी करीन."

"करा. मीही करते."

सोमवारी तिने यंत्र चालू केलं. कुलसचिवांची सही नव्हती. पण ती सही कागदाच्या खर्चासाठी लागते, मजकुरासाठी नाही, हे तिने नियमांच्या पुस्तकात कधीचं खूण घालून ठेवलं होतं, आणि कागद जुना शिल्लक होता. दुपारपर्यंत अंकांचे गठ्ठे बांधून झाले. पहिल्या पानावर बाटल्यांच्या पिशव्या घेतलेल्या पोरीचा फोटो, आणि वर ठळक अक्षरांत: ‘मातीचा फिल्टर किती दिवस चालतो? उत्तर मिळालं.’

वाटप सुरू व्हायच्या आत शिपाई आले आणि गठ्ठे उचलून घेऊन गेले. पाठोपाठ तिची बदली आली. उद्यापासून गोडाऊन.

"सामान किती तुझं?" संध्याकाळी घरी आत्याने विचारलं.

"एक खुर्ची आणि पंखा."

"पंखा घेऊन ये. तो तुझा आहे, त्यांचा नाही."

गोडाऊन म्हणजे कॅन्टीनकडे जाणाऱ्या वाटेवरची एक लांब, पत्र्याच्या छपराची खोली. जुन्या उत्तरपत्रिकांचा वास जाता जात नव्हता. बातमीबाई किल्ली घेऊन आत शिरली, डोळे अंधाराला सरावले, आणि ती पहिल्या फळीसमोर जागच्या जागी उभी राहिली. फळीवर तिने स्वतः सुतळीने बांधलेले गठ्ठे रचून ठेवले होते. सगळेच्या सगळे. नको असलेला कागद गोडाऊनमध्ये टाकावा, हा एका टेबलावरचा हुकूम. नको असलेली बाई गोडाऊनमध्ये टाकावी, हा दुसऱ्या टेबलावरचा. दोन्ही टेबलांनी आपापलं काम चोख केलं होतं. मधल्या खुर्चीतल्या कोणालाही सुचलं नव्हतं, की आपण चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देतोय.

ती खुर्चीत बसली आणि एकटीच हसली. मग तिने एका गठ्ठ्याची सुतळी सोडली, एक अंक काढला आणि पहिलं पान गोडाऊनच्या दारावर बाहेरच्या बाजूने चिकटवलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळं विद्यापीठ त्या वाटेने जातं. पहिल्या दिवशी चारदोन जण थांबले. दुसऱ्या दिवशी दारासमोर घोळका होता. पोरं आत डोकावून विचारू लागली, "मॅडम, एक अंक मिळेल? घरी फिल्टर आहे." ती देत गेली. कॅन्टीनवाल्याने थेट दहा नेले. आठवडा संपायच्या आत फळी अर्धी रिकामी झाली.

कुलसचिव आले ते घामाघूम होऊन. "हे कोणाच्या परवानगीने लावलंय?"

"गोडाऊनच्या दारावर सूचना लावायचा अधिकार गोडाऊनप्रमुखाचा आहे. परीक्षा विभागाचे नियम बघा, साहेब."

"ही सूचना आहे?"

"लोकांना सूचना मिळाली की. फिल्टर घासू नका म्हणून."

"आणि अंक कसे वाटता तुम्ही?"

"तुम्ही रद्दी म्हणून पाठवलेत. रद्दी कमी करणं हे माझं कामच आहे. गोडाऊनमध्ये जागा नाही अशी तक्रार तुमचीच आहे ना?"

"परवा समिती येतेय, बाई," कुलसचिव आता विनवणीच्या सुरात आले. "याच वाटेने जेवायला जाणार. निदान तेवढा एक दिवस तरी काढा."

"लेखी द्या."

कुलसचिव आल्या पावली परत गेले.

समिती आली. ऊन कडक होतं आणि उशीर झालेला होता. समितीचे लोक डोक्यावर फायली धरून भराभरा त्या दारावरून गेले. एकानेही मान वळवून पाहिलं नाही. जेवून परतताना पाहिलं असतं, पण परतताना त्यांना गाडीतून नेलं. श्रेणी मिळायची ती मिळाली, ना फार चांगली ना वाईट. तात्पुरत्या जागांपैकी काही कायम झाल्या, काही लटकल्या, जशा नेहमीच लटकतात. पाणीवाली मात्र टिकली. तिच्या निबंधाचे गुण पुढच्या तक्त्यातही विद्यापीठाला हवे होते. आकाश कोसळायचं म्हणून सगळे ज्याला हात लावून उभे होते, ते आपलं जिथे होतं तिथेच होतं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी बातमीबाई कुलूप लावायला बाहेर आली, तर दारासमोर कुलगुरू एकटेच उभे होते. चष्मा कपाळावर सरकवून ते वाचत होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी सगळं वाचलं. ती किल्ली हातात धरून थांबली.

"काठाशीच चिरा पडतात म्हणते ती," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "काठ जाड केला तर? किंवा ब्रशच नको, नुसतं कापड?"

"तिला विचारा, सर. दुसऱ्या मजल्यावर बसते."

"सांगेल मला?"

"तुम्ही विचाराल तशी सांगेल. खुर्चीच्या कडेला बसवू नका म्हणजे झालं."

ते किंचित हसले. "आणि तुम्ही? प्रसिद्धी विभागात परत या. तो नवा मुलगा आणलाय आम्ही, त्याचा अंक मला स्वतःला कळत नाही."

"मजकुराला सही लागणार?"

कुलगुरूंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"मग इथेच बरं आहे मला. इथे सही लागत नाही, आणि लोक जेवायला जाताना उभं राहून वाचतात. तिकडे टेबलावर कप ठेवायला वापरायचे."

ती गोडाऊनमध्येच राहिली. दर पंधरा दिवसांनी दारावरचं पान बदलू लागलं. प्राध्यापक आधी चोरून येत, मग उघड येऊ लागले. इतिहासाचे ते ज्येष्ठ प्राध्यापकसुद्धा एकदा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसून आपली बातमी समजावून गेले आणि रविवारी नापास झाले. 

पाणीवाली मग काही महिन्यांनी स्वतःच आत्याकडे आली. काखेत जाड काठाचं नवं भांडं होतं. कुलगुरू आणि ती, दोघांनी मिळून केलेलं. तिने ते कुंडीशेजारी मांडलं, सगळं समजावलं. आत्याची सुई केव्हाच थांबली होती.

"किती दिवस चालेल हे?"

पोरीने बातमीबाईकडे पाहिलं. बातमीबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

"माहीत नाही, आत्या," पोरगी म्हणाली. "अजून तेवढे दिवस झालेच नाहीत. वापरून, थांबून बघावं लागेल."

आत्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग भाचीला म्हणाली, "हेच लिही. असंच्या असं. आणि ‘माहीत नाही’ हे वर घे, ठळक."

"वर?" पोरगी घाबरली. "सर काय म्हणतील?"

"म्हणू दे," बातमीबाई म्हणाली आणि कागद पुढे ओढला. "दार माझं आहे."